आमच्या गड्याने आखलेला रस्ता

मी नेमकं काय काम करतो, हे वडिलांना समजावायला मला बरेच महिने लागले. नाशिकमधल्या एका लहानशा ऑफिसात मी बसतो. समोर संगणकात एआय एजंट असतो. त्याला काम सांगायचं, की तो त्याचे तुकडे पाडतो, स्वतःच कोड लिहितो, चालवून बघतो, चुकलं तर दुरुस्त करतो. नकाशा, फाइली, इंटरनेट, जे अवजार लागेल ते उचलतो. मी लक्ष ठेवायचं आणि तो भरकटला की वाटेवर आणायचं. वडिलांनी हे सगळं शांतपणे ऐकलं, झेंडूचं पाणी दुसऱ्या सरीत वळवून परत आले आणि म्हणाले, "म्हणजे मुकादम."

"तसंच काहीसं."

"मग तसं सांग ना. मी आपला लोकांना सांगतो, पोरगं कॉम्प्युटरात हाय. कुणाला काय कळत नाय."

तेव्हापासून आमच्या घरात एजंटला गडी म्हणतात. "आज तुझा गडी आला का कामावर, का खाडा केला?" असं बहीण रोज विचारते. गडी खाडा करत नाही, हे खरं. पण त्याच्या काही खोडी आहेत. काम अर्धं झालेलं असताना तो छातीठोकपणे लिहितो, "काम पूर्ण झाले आहे." मग आपण म्हणायचं, दाखव. मग तो म्हणतो, क्षमस्व, तपासतो. "पाणी सोडलंय" ऐकून कोरड्या पाटाकडे बघत वाढलेल्या माणसाला ही तऱ्हा नवीन नाही.

बहिणीचं लग्न ठरलं ते तुळशीच्या लग्नानंतरच्या मुहूर्ताचं. दसरा-दिवाळीत झेंडूच्या तोडणीने वडिलांची कंबर मोडलेली, त्यात पत्रिका वाटायचं काम डोक्यावर. नातेवाईक तीन दिशांना. सिन्नरच्या पुढे मावशी, विंचूरला थोरले काका, इगतपुरीला मामा, आणि मध्ये खुद्द सिन्नर गावात आत्या. मित्राची गाडी दोन रविवारांसाठी मिळाली होती. मी वडिलांना म्हणालो, "दादा, काळजी करू नका. रस्ता माझा गडी आखेल."

आमच्या घराण्यात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. हे मी सांगत नाही, वडील सांगतात, एसटीत शेजारी बसलेल्याला सुद्धा. त्यामुळे मी काही आखलं की त्यांना ते सरकारी कागदासारखं वाटतं.

गड्याला मी नावं, गावं आणि नकाशाचं अवजार दिलं. पहिल्या फटक्याला त्याने काकांच्या शेजारचं पिंपळगाव थेट दुसऱ्या जिल्ह्यात नेऊन ठेवलं. पिंपळगावं किती आहेत हे त्याला बिचाऱ्याला काय माहीत. ते दुरुस्त केलं. मग मी सूचना दिली: कमीत कमी फेरा पडावा आणि जिथे जास्त वेळ मोडणार आहे ते घर त्या दिवशी शेवटी ठेवावं. आत्याच्या नावापुढे मी लिहिलं, "जेवल्याशिवाय सोडत नाही." गड्याने कोड लिहिला, चालवला, दोनदा आपटला, तिसऱ्यांदा उठला आणि रंगीत रेघांचा सुंदर नकाशा काढून दिला. पहिला रविवार सिन्नरच्या बाजूचा. सकाळी थेट मावशी, परतताना बाकीची घरं, आणि सगळ्यात शेवटी आत्या.

पहिली पत्रिका देवापुढे ठेवून आम्ही बापलेक निघालो. सिन्नरमध्ये पेट्रोल भरलं. आत्याचं घर पंपापासून हाकेच्या अंतरावर, तिची गल्ली ओलांडूनच पुढे जावं लागतं. वडील म्हणाले, "बहिणीकडं दोन मिनिटं टेकायचं का?"

"गड्याने तिला संध्याकाळी ठेवलंय दादा. आता थांबलो तर पुढचं सगळं कोलमडेल."

"बरं," ते म्हणाले, आणि मांडीवरची कुंकवाची डबी उगाच नीट करत बसले.

संध्याकाळी आत्याच्या दारात उभे राहिलो तेव्हा तिने "या" म्हटलं, पण हसून नाही. पाणी दिलं. वाढलंही, भरली वांगी आणि भाकरी, कारण उपाशी पाठवणं तिच्या रक्तात नाही. पण स्वतः समोर बसली नाही. वडिलांनी पत्रिका पुढे केली, तर हात पदरात गुंडाळून म्हणाली, "सकाळी गाडी गेली दारावरून. मी चहा टाकला होता."

"अगं, ते काय झालं..."

"मला ठावं हाय काय झालं. बायकोच्या बहिणीकडं आधी, आपल्या बहिणीकडं उरल्यावर. जेवा. भाकरी गार व्हायली."

आतोबा पेपरात तोंड घालून बसले होते. पेपर कालचा होता.

पत्रिका आमच्याबरोबर परत घरी आली. हातात न घेतलेली पत्रिका म्हणजे न दिलेलं आमंत्रण, आणि आमंत्रणावाचून आत्या स्वतःच्या भावाच्या मांडवातही पाऊल ठेवणार नाही, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. बहिणीने ऐकलं आणि हातातली साडी घडी न करताच खाली ठेवली. आई गेली तेव्हा ती सातवीत होती. बारशाला तिचं नाव आत्यानेच कानात सांगून ठेवलेलं, पुढे तिची पहिली साडी आत्यानेच नेसवलेली. "आत्या नसेल तर मला हळद लावू नका," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "आणि तुझ्या त्या गड्याला सांग, त्याचा रोज कापला."

खरं तर गड्याचं काही चुकलं नव्हतं. त्याला सांगितलं तेच त्याने केलं होतं. मी त्याला अंतर सांगितलं होतं, मान सांगितला नव्हता. आणि हा मान मला कुणी शिकवायला हवा होता अशातला भाग नाही. पाचवी ते दहावी मी आत्याच्या घरी राहून सिन्नरच्या शाळेत शिकलो. तिच्या चुलीपुढे बसून पाढे म्हटले. ती नसती तर आज मी मुकादम नसतो, झेंडूच तोडत असतो.

त्याच आठवड्यात सुट्टी काढून मी एकटाच लॅपटॉप घेऊन तिच्याकडे गेलो. ती मेथी निवडत होती.

"हे काय आणलंस?"

"गडी आणलाय. ज्याने रस्ता आखला तो. तूच त्याला काय बोलायचं ते बोल."

"हा का तो? गाव कुठलं याचं?"

"गाव नाही त्याला."

"तरीच," ती म्हणाली, आणि मेथीची जुडी बाजूला ठेवली. "लिही. सांगते याला."

ती सांगत गेली, मी टाईप करत गेलो. देवानंतर पहिला मान थोरल्या काकांचा, त्यांच्या आधी कुणाच्या उंबऱ्याला पाय लावायचा नाही. मामाचाही मान पहिला, त्याच्याही आधी कुणाकडे नाही. वाटेत आपल्या माणसाचं दार लागलं तर गाडीतून उतरायचंच, मग घोटभर पाणी प्यायलं तरी चालेल. मी म्हणालो, "आत्या, अजून काही?" ती म्हणाली, "एवढं तर त्याला जमू दे."

गडी बराच वेळ खटपट करत राहिला. मग मी वाचून दाखवलं: "मावशींना पत्रिका आधीच दिली गेली आहे. त्यामुळे पहिल्या दोन्ही अटी मोडलेल्या आहेत. पुढे जाऊ का?"

आत्याने आतोबांकडे पाहिलं. "बघा. याला कळलं. बापलेकाला नाय कळलं."

पुढचं वाचलं: "थोरले काका आणि मामा, दोघांनाही पहिला मान देणे एका वाहनाने शक्य नाही. दोन जण एकाच सकाळी दोन दिशांना निघाल्यास शक्य आहे. दुसरी व्यक्ती उपलब्ध आहे का?"

मी म्हणालो, "दादा एसटीने इगतपुरीला जातील मामाकडे. मी गाडी घेऊन विंचूरला जातो."

"तू एकटा?" आत्या म्हणाली. "तिथल्या बायकांना कुंकू तू लावणार का? का हा लावणार?"

मागच्या रविवारी प्रत्येक घरात आम्ही कुंकवाची डबी नुसती पुढे केली होती, आणि त्या घरच्या बायकांनी आपल्या हाताने कुंकू लावून घेतलं होतं. आई नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं.

आत्याने मेथीची जुडी पुन्हा ओढून दोन काड्या मोडल्या. मग आत गेली आणि ट्रंकेतून हिरवी नऊवारी काढून खाटेवर टाकली. "रविवारी सकाळी मला घ्यायला ये. आणि पंपावर पेट्रोल भरायच्या आधी ये."

त्या रविवारी आत्या पुढच्या सीटवर बसली, मांडीवर कुंकवाची डबी आणि अक्षता. गड्याचा आराखडा माझ्या फोनवर होता. त्याचा उपयोग निफाडपर्यंत झाला. त्यानंतर आत्याला काकांकडून परतताना गाठायची तिच्या जावेची माहेरची माणसं आठवली, मग कुणीतरी एक म्हातारी जिच्या नातवाचं बारसं आपण चुकवलं होतं. मी दर वेळी गड्याला नवीन घर सांगायचो, तो न कुरकुरता रस्ता पुन्हा आखायचा.

"गुणी हाय," आत्या म्हणाली. "उलट बोलत नाय. लग्न झालंय का याचं?"

काकांनी तिला दारात पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावरची आठी तिथेच विरली. तिने काकूंना हळदकुंकू लावलं, पत्रिका हातात दिली आणि आमच्या वतीने असा आग्रह केला, की काकू डोळे पुसायला लागल्या. मी मागे पेढ्यांची पिशवी घेऊन उभा होतो. इतकंच माझ्या पदवीला जमण्यासारखं होतं.

परत सिन्नरला पोचलो तेव्हा वडील मामाला पत्रिका देऊन घोटीवरून एसटीने येऊन स्टँडवर उभेच होते. तिघे मिळून आत्याच्या गल्लीत शिरलो. वडील दबकत म्हणाले, "मग येशील ना आता लग्नाला?"

आत्याने कुंकवाची डबी माझ्या हातात दिली. गाडीतून उतरली, घरात गेली आणि दार ओढून घेतलं. आम्ही दोघं ओट्याखाली उभे. मला वाटलं, संपलं. इतक्यात दार उघडलं. तिने तोंड धुतलं होतं, डोक्यावर पदर घेतला होता आणि हातात पाण्याचा तांब्या होता. जणू दिवसभरात आम्हाला पाहिलंच नव्हतं.

"या, या," ती म्हणाली. "आज कसं काय येणं केलं?"

वडिलांच्या लक्षात यायला जरा वेळ लागला. मग त्यांनी खिशातून टोपी काढून डोक्यावर घातली, चप्पल काढली, उंबऱ्याच्या आत गेले आणि पिशवीतली पत्रिका दोन्ही हातांनी पुढे धरली. "पोरीचं लग्न काढलंय. तुम्हाला यावं लागतंय."

आत्याने पत्रिका घेतली, कपाळाला लावली आणि उजेडात धरून सावकाश वाचली.

"बघू," ती म्हणाली. "सवड झाली तर येते."

वडील हसून खाटेवर बसले, आणि ती चहा टाकायला आत गेली.