बदलीवर घ्या
शिलाई मशीनच्या तेलाचा वास आला, की ती एसीची खोली आठवते. संपात मिल गेली, त्यानंतर मी लालबागला शिलाई मशिनी दुरुस्त करायचो. कॉलेजात शिकणाऱ्या माझ्या पोरीला कॉम्प्युटरवर संशोधन करणाऱ्या सरांच्या ग्रुपात जायचं होतं. मी तेलकट हातानंच तिच्यासोबत सरांच्या एसीच्या खोलीत गेलो. सर म्हणाले, “जागा भरल्यात.” पोरीचं तोंड उतरलं. मी हात जोडले, “साहेब, हिला बदलीवर घ्या.” सर दचकले, “माझी बदली? कुठं?” पोरगी कुजबुजली, “बाबा, गप ना!” मी म्हटलं, “तसं नाय ओ. ही रोज दारात उभी राहील. कोणी खाडा केला, की त्याच्या मशीनवर हिला बसवा. मिलमधे आमी तेच करायचो.” सर हसले, म्हणाले, “उद्यापासून ये.” महिन्यात पोरगी पर्मनंट झाली. मी मिल बंद होईस्तोवर बदली कामगारच होतो, तरी नोकरीतले सल्ले तिला अजून मीच देतो.