सोवळ्यातला रेडिओ

अंबाक्का गेल्याचं कळलं तेव्हा मी कॉफीचं डिकॉक्शन गाळत होते. आमचे हे फोन ठेवून स्वयंपाकघराच्या दारात आले, "अक्का गेली" म्हणाले आणि तिथेच उंबऱ्यावर बसले. सकाळी पूजेची फुलं तोडताना परसात कोसळली होती म्हणे... कुणाला हाक मारायलाही वेळ मिळाला नाही. अक्का म्हणजे यांची थोरली बहीण, माझी नणंद. इथेच कुंभकोणमला, आमच्या मागच्या गल्लीत राहायची. मी गॅस बंद केला, यांच्या खांद्यावर हात ठेवला, आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की आता तो रेडिओ कुणाकडे जाणार? गेलेल्या माणसाबद्दल असं कुणी लिहीत नाही, ठाऊक आहे मला. पण गोड गोड लिहिलं तर अक्काच पहिल्यांदा फिदीफिदी हसेल. माझा तिच्यावर जीव होता, होताच. पण मी तिच्यावर जळायचे त्याहून जास्त, आणि खरं सांगायचं तर अजून जळते.

मी मूळची साताऱ्याची. लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला वाटलं होतं, चला, सासरही मराठीच आहे. कसलं काय! मराठेशाहीच्या काळात इकडे येऊन राहिलेली ही माणसं; त्यांची मराठी तेव्हाची तेव्हाच थांबलेली, वर तमिळचा मसाला. मी काही बोलले की अक्का डोळे मिटून ऐकायची आणि म्हणायची, "तुमचे लोक बोलतात कीं धांवतात?" मी तिच्या 'मज' आणि 'तुज'ला हसायचे, ती माझ्या 'चल, येते गं'ला. ती मुलींच्या शाळेत फिजिक्स शिकवायची आणि घरी आली की साडी बदलून सोवळ्यात. या दोन्हीत काही विसंगती आहे असं तिला कधी वाटलं नाही, आणि विचारायची आमची छाती नव्हती.

रेडिओचं वेड मात्र माझं, हे आधी लिहून ठेवते. माझ्या वडिलांचं साताऱ्यात रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. परकराच्या वयात मी त्यांच्याजवळ बसून डाग द्यायला शिकले. त्यांचं सोल्डरिंग आयर्न अजून माझ्याकडे आहे. सासऱ्यांचा, म्हणजे अण्णांचा, जुना व्हॉल्व्हचा रेडिओ माळ्यावरून काढला तो मीच. आतलं सगळं सडलं होतं, पण दोन व्हॉल्व्ह, ते काचेचे दिवे, जिवंत होते. एका व्हॉल्व्हवर चालणारा रेडिओ कसा करायचा हे मी अक्काला वडिलांच्या शब्दांत सांगितलं. व्हॉल्व्हने बोललेलं थोडंसं परत त्याच्याच कानात घालायचं, म्हणजे तो आणखी मोठ्यानं बोलतो. जास्त घातलं की किंचाळतो. किंचाळायच्या जरा अलीकडे त्याला धरून ठेवायचं, एवढीच सगळी कला. अक्काचे डोळे असे चमकले की मला तेव्हाच ओळखायला हवं होतं. "सरी, ठीक. एक तुज, एक मज," असं म्हणून तिने त्यातला चांगला व्हॉल्व्ह उचललासुद्धा.

मग आमची शर्यत लागली. पंपाच्या जळक्या मोटारींत नवी तार भरून देणाऱ्या दुकानातून तांब्याची तार आणली ती एकत्रच. मी कॉइल गुंडाळली प्लास्टिकच्या पाइपच्या तुकड्यावर. अक्काने तिरुभुवनमच्या विणकरांकडून रेशमाचं लाकडी रीळ मागून आणलं आणि त्यावर तार अशी एकसारखी बसवली की बघत राहावं. माझी पेटी प्लायवुडची, तिची फणसाच्या लाकडाची. आणि बटणं? मी जुन्या रेडिओचीच, काळ्या बॅकेलाइट प्लास्टिकची लावली. ही बाई स्वामीमलैला गेली आणि देवाच्या मूर्ती ओतणाऱ्यांकडून पितळेची दोन बटणं ओतून घेऊन आली! मी सांगितलं तिला, "अक्का, पितळ नको. वर लाकडी पेटी, आत पत्र्याचा आडोसा नाही, अर्थिंग नाही. हात लागला की स्टेशन हलेल." ती म्हणाली, "बॅकेलाइट दरिद्री दिसतें. पितळेचेंच होणा मज." होणा म्हणजे हवं. वडिलांचं नाव काढून सांगितलं, तरी ऐकली नाही.

आणि तिचाच बोलला! एका संध्याकाळी, दिवेलागणीनंतर, तिच्या घरी त्या पेटीतून चक्क मराठी बातम्या आल्या. खरखर होती, आवाज मध्येच बुडत होता, पण स्वच्छ माझ्या माहेरची मराठी. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याच क्षणी मी जळून खाक झाले. मोबाइलवर पाहिजे ते ऐकता येतं हो, पण ते कुणीतरी आणून दिलेलं. हे आपण हातांनी केलेलं, आपण हवेतून ओढून आणलेलं. विद्या माझी, वडील माझे, भाषा माझी... आणि आली कुणाच्या घरी? माझा डबा तर किंचाळण्यापलीकडे काही बोलेना. कॉइल सोडून पुन्हा बांधली, डाग उकलून पुन्हा दिले. हे आपले रोज संध्याकाळी चप्पल घालून, "जरा अक्काकडे जाऊन येतो, बातम्या लागतील." जा म्हटलं, जा! थोड्या वेळाने मीही मागोमाग जायचे, काय करणार.

तिथे गेलं की एकच दृश्य. अक्का खुर्चीत ताठ, डावा हात डावीकडच्या बटणावर ठेवलेला. तो हात तिथून कधी हलायचा नाही. मला वाटायचं, काय हा मालकीहक्क! नातवाचा हात धरावा तसं बटण धरून बसते. मी जरा पुढे झाले की, "शालू, हात लावूं नक्को. मडी अहे." मडी म्हणजे सोवळं. रेडिओला सोवळं! घरातले सगळे हसायचे आणि मानायचेही, कारण अक्काच्या घरात लोणच्याच्या बरणीपासून देव्हाऱ्यापर्यंत सगळ्यालाच सोवळं होतं. मला मात्र पक्कं ठाऊक होतं की हे फक्त माझ्यासाठी आहे. आम्ही गरम कॉफी पीत बातम्या ऐकायचो. तिचा टंबलर शेजारी तसाच राहायचा. बातम्या संपल्या की ती रेडिओ बंद करायची आणि मग ती गार कॉफी घटाघट प्यायची. कुणासाठी दार उघडायला उठली तरी आधी रेडिओ बंद. मी म्हणायचे, "अहो अक्का, चालू राहू दे की, कुणी खात नाही त्याला!" ती ऐकलं न ऐकलंसं करायची.

एकदाच, माझ्याकडे हळदीकुंकवाला आली होती तेव्हा, टेबलावरचं वडिलांचं सोल्डरिंग आयर्न हातात घेऊन बराच वेळ उभी होती. "तुझ्या वडिलांनीं तुज बसवून शिकविलें," म्हणाली. "आमच्या अण्णांनीं रेडिओजवळ येऊंच दिलें नाहीं कधीं." मी तेव्हा माझ्याच किंचाळणाऱ्या डब्यावर चिडलेली होते, मी नुसतं "हो ना" म्हटलं आणि तिला कुंकू लावलं.

सगळे दिवस झाल्यावर तिचा मुलगा रघू चेन्नईला परत निघण्याआधी पेटी घेऊन आला, तिच्याच जुन्या रेशमी लुगड्यात गुंडाळून. "मामी, तुमीच घ्या. दुसरें कोणास कळणार?" त्या संध्याकाळी मी ती खिडकीजवळ मांडली, एरियलची तार अडकवली, काटा तिने कुंकवाने केलेल्या ठिपक्यावर आणला... आणि रेडिओ किंचाळला. थेट माझ्या डब्यासारखा. काय सांगू, मला आधी आनंदच झाला! म्हटलं, बघ, आता कळलं ना!

मग किंचाळणं आवरायचं ते डावं बटण धरून मी जरा मागे फिरवलं, आणि किंचाळणं थांबून बातम्या सुरू झाल्या. "अहो, लागलं! या लवकर!" म्हणत मी यांना बोलवायला हात काढला. पुन्हा किंकाळी. पुन्हा धरलं, बातम्या. सोडलं, किंकाळी. मी पेटीचं मागचं फळकूट उघडलं. पत्रा नाही. अर्थिंगची तार नाही. पितळेच्या बटणाची दांडी सरळ आतपर्यंत गेलेली, आणि बाहेर ते बटण धरणारी बाई. अक्काच त्या रेडिओचं अर्थिंग होती! हात काढला असता तर माझं म्हणणं खरं ठरलं असतं. भावजयीपुढे हार नको म्हणून या बाईने रोज संध्याकाळी बटण धरून ठेवलं, रोज गार कॉफी प्यायली, वर सोवळ्याचं नाव केलं. म्हणजे जळत मी एकटीच नव्हते. अगं अक्का, एकदा बोलायचं होतंस... आतून पत्रा लावायला मला एक दुपार पुरली असती.

बरोबर मीच होते. पण आता हे सांगायचं कुणाला? यांना सांगितलं तर म्हणाले, "असेल." माझा स्वतःचा डबा अजून किंचाळतो, त्याचं बटण धरून पाहिलं, बॅकेलाइटला काही फरक पडत नाही. म्हणजे हरले ती हरलेच.

पत्रा कापून आणलाय. टेबलावर पडून आहे, सोल्डरिंग आयर्नजवळ. रोज म्हणते, उद्या लावू. रोज संध्याकाळी खुर्चीत बसते आणि डावं बटण धरते. पितळ पहिल्यांदा गार लागतं, मग हाताइतकं गरम होतं. काल हे कॉफी घेऊन आले, टंबलर माझ्या हातात देऊ लागले. मी मान हलवली.

"ठेवा तिथे," म्हटलं. "बातम्या संपू देत."