डाव्या बाजूचा नवरदेव

त्या काळी खर्ड्यात दोन गोष्टींचा पत्ता कुणालाही विचारावा लागत नसे. एक आमचा किल्ला आणि दुसरी कानिफनाथची जीप. किल्ला लांबून दिसायचा, जीप लांबून ऐकू यायची.

कानिफ माझ्या बरोबरीचा. चौथीपर्यंत आम्ही शेजारी बसून एकाच गुरुजींचा मार खाल्ला. पुढे मी औताला जुंपलो गेलो आणि तो नगरला एका गॅरेजात लागला. तिथं मिलिटरीनं मोडीत काढलेल्या गाड्या दुरुस्त व्हायच्या. बाप गेल्यावर गडी गावी परत आला, शेत बघायला लागला; पण मन सगळं त्या गाड्यांत. त्याच्या आईनं, आक्काबाईनं, त्याला बैलजोडी आणायला घोडेगावच्या बाजारी धाडलं. परतीच्या दिवशी म्हातारी हळदी-कुंकवाचं ताट आणि पायावर घालायला पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी. मी पण होतो. कोपऱ्यावरून धूर आला, मागून धडधड आली, आणि धुरातून कानिफ.

"बैलं कुठायत रे?" आक्काबाई.

"हे काय. फकस्त पाय गोल हायेत."

म्हातारीनं त्याला असे शब्द ऐकवले की मला इथं लिहिता यायचे नाहीत. पण दारात आलेल्याला कोरडं ठेवायचं नाही ही रीत, म्हणून तिनं चारी चाकांवर पाणी घातलं आणि बॉनेटाला कुंकू लावलं.

गाडी होती हिटलरच्या लढाईतली, अमेरिकेत घडलेली. दारं नाहीत, टप नाही, पुढची काच आडवी पाडता येणारी. पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या बुडाखाली. पेट्रोल भरायचं तर त्यानं उठायचं आणि गादी उचलायची. हेडलाइट असे की त्यांची मान उलटी फिरवली तर उजेड इंजिनावर पडायचा. आणि मुख्य म्हणजे स्टेअरिंग डाव्या हाताला. आपल्याकडच्या सगळ्या गाड्या उजव्या हाताच्या, ही एकटी डावखुरी.

संध्याकाळी पंक्चरच्या दुकानापुढं आमची बैठक बसायची. ट्रॅक्टरवरचा सूर्यभान हा नव्या गाड्यांचा वकील. तो आला की कानिफला पेटवायचाच.

"कानिफनाथा, आता कंपनीची नवी जीप आलीया. बॉनेट असं उंच, इंजान दमदार. तुझी ही म्हंजी लोळून पडलेली म्हैस."

"उंच बॉनेट कशाला पायजे रं? म्होरचा खड्डा दिसू नये म्हनून?"

"अरं, पेट्रोल भरायला उठावं लागत न्हाई तीत. भाईरनं भरत्यात."

"उठायचा कंटाळा आसंल त्यानं गाडी घेऊच न्हाई, बाजंवर पडून ऱ्हावं."

"आन् बंद पडली तर?"

"माझी बंद पडली तर मी पाना-पक्कडीनं सुरू करतो. तुझी पडली तर तू पोस्टकार्ड टाक कंपनीला."

असं तासनतास चालायचं. मला त्यातलं निम्मंच कळायचं, पण गोडी अशी की घरी भाकरी निवायची. गंमत बघा, नव्या जीपला एवढी नावं ठेवणारा कानिफ, पण नगरला शेतकी प्रदर्शनात ती मांडलीय असं कळल्यावर रात्रभर झोपला नाही. पहाटे मला उठवायला आला.

प्रदर्शन केवढं! संकरित ज्वारीची कणसं, खिल्लारी वळू, पाण्याचे पंप. मी वळूंपुढं थांबलो आणि मागं वळून पाहतो तर कानिफ गायब. शोधत शोधत गेलो. एका मंडपात फळ्यांच्या उतारावर नवी कोरी जीप चढवून ठेवलेली, भोवती दोर बांधलेला, आणि जीपखालून दोन पाय बाहेर आलेले. पायताण ओळखीचं निघालं.

मंडपातले दोघं त्याला पायाला धरून ओढत होते. तेवढ्यात खाकी कपड्यातला एक जाडसर माणूस पुढं झाला. "अरे थांबा, वढू नका," तो म्हणाला. "आधी इचारा त्याला, खाली काय दिसलं?"

आतून आवाज आला, "स्प्रिंगांचं पाटं जाड घातल्यात! ह्ये ब्येस केलंय!"

तो खाकी माणूस खाली बसला आणि बघता बघता तोही आत शिरला. आता बाहेर चार पाय. वळूंपेक्षा जास्त गर्दी तिथं जमली.

हे आबासाहेब. एका दूध संघाच्या साहेबाची नवी जीप चालवायचे. दुपार टळेपर्यंत त्या दोघांचं जुनं-नवं चाललं आणि निघताना आबासाहेबांनी मला बाजूला घेतलं. "लगीन झालंय का ह्याचं?"

"कोन देतंय? आक्काबाई सोयरीक आनती, पोरीचा बाप येतो, आन् बैलांच्या जागी ह्याची जुनी जीप बघून माघारी जातो."

"माझी भाची हाय, मनकर्णा. सीनेच्या पल्याड, टाकळीत. मी सांगतो दाजींना, पोरगा सोता गाडी चालवत येईल म्हनून. माणूस कसा हाय त्ये मी गाडीखाली बघितलंय."

अशी ती सोयरीक. आक्काबाईनं मला बजावून सांगितलं, "रंगनाथ, ह्यो मुलगी बघायला जातोय, रस्ता बघायला न्हाई. एवढं ध्यानात आन त्याच्या." तिचं चुकत नव्हतं. कानिफचं वय तिशीकडं झुकलेलं. ही सोयरीक गेली की पुढं कोण येणार, हा घोर तिला रात्रंदिवस. कानिफ बोलायचा नाही, पण त्या दिवशी त्यानं गाडी धुतली ती मात्र दोनदा.

आम्ही निघालो. मी पांढरंशुभ्र धोतर, गुलाबी फेटा, उजव्या बाजूला. कानिफ डाव्या बाजूला, स्टेअरिंगवर. सीनेच्या पात्रात वाळू. एसटी तिथं यायचीच नाही, अलीकडंच वळायची. कानिफनं तो खालचा छोटा दांडा ओढला, पुढच्या चाकांना पण जोर आला, आणि गाडी वाळूतून डुलत निघाली. मी भीतीनं समोरची लोखंडी दांडी दोन्ही हातांनी घट्ट धरलेली.

पलीकडं टाकळीची बायामाणसं माळवदावर चढून बघत होती. त्यांना सांगितलेलं, पोरगा स्वतः गाडी चालवत येईल. आणि गाडी चालवणारा उजवीकडं बसतो हे तर एसटी पाहिलेल्या कुणालाही ठाऊक. त्यात दोन्ही हात पुढं करून मी बसलेलो. झालं, नवरदेव ठरला.

दारात उतरलो तर मुलीचे वडील आसाराम यांनी मला मिठीच मारली. पायावर पाणी घातलं, सतरंजीवर लोडाशी बसवलं. कानिफ उडी मारून उतरला तो पहिल्यांदा बॉनेट उघडून रेडिएटरला पाणी पाजायला लागला. अंगावर धूळ, हाताला काळं. आसाराम आत वळून म्हणाले, "किलीनरला च्या भाईरच द्या."

मला वाटलं, पोराचा मित्र म्हणून माझा मान चाललाय. शेती किती? सांगितली. विहिरीला पाणी? सांगितलं. दाराच्या फटीतून बांगड्यांचा आवाज येत होता. आसाराम खुशीत. "सोभाव लई मोकळा हाय तुमचा."

"आवो, घरात दोन पोरं आसल्यावर मोकळंच ऱ्हावं लागतं," मी म्हटलं. "धाकटी तर आत्ता कुठं पाऊल टाकायला लागलीया."

आत काहीतरी पितळेचं घरंगळत गेलं.

नशीब माझं, तेवढ्यात आबासाहेबांची नवी जीप दारात येऊन थांबली. नाहीतर मी चालतच खर्ड्याला येत होतो. आबासाहेब ओसरीवर आले. "काय दाजी, बघितला का नवरदेव?"

"कोनता?" आसारामांचा आवाज बसलेला.

आबासाहेबांनी हात केला. बाहेर बॉनेटाखाली कानिफ कमरेपर्यंत आत गेलेला. दिसत होती फक्त पाठ.

"ह्यो?"

"ह्योच. गाडी डाव्या हाताची हाय दाजी."

आसारामांनी एकदा त्या पाठीकडं, एकदा माझ्या फेट्याकडं बघितलं. मग म्हणाले, "आबा, तुमच्या शब्दाखातर मानूस चालंल. रंगारूपाचं काय न्हाई. पर ह्यो मोडीचा माल दारात ठेवनाऱ्याच्या घरी मी पोरगी देनार न्हाई. गाडी इकायची. तुमी त्याला संघाच्या नव्या गाडीवर लावा, पगार चालू झाला की सुपारी फोडतो."

"नोकरीचं बघतो मी. गाडीचं काय येईल त्ये आत्ताच सांगतो," म्हणून आबासाहेब उठले आणि किंमत करायला बाहेर गेले.

तिथंच घोटाळा झाला. आबासाहेबांनी किंमत करायला गाडी सुरू करायला सांगितली. सुरू झाली. मग ते वाकून ऐकायला लागले. "आवाज गोड हाय राव हिचा."

"व्हय की. तुमच्या नवीचा जरा घोगरा हाय."

"घोगरा? आन् चढावर? चढावर माझी गाती."

"आनी उतारावर रडती. ब्रेक दाबा, ऐका."

मग नव्या जीपचं बॉनेट उघडलं. मग जुनीचा हेडलाइट उलटा करून बघितला. मग दोघं नवीखाली गेले, मग जुनीखाली. सावली ओसरीवरून अंगणात आली. मी दोनदा हाक मारली. आक्काबाईचं सांगणं माझ्या कानात वाजत होतं, पण त्या दोघांच्या कानात इंजिन होतं. आसारामांचा चेहरा तापत चालला. बघायला आलेला मुलगा मुलगी न बघताच परत जाणार, आणि लोक म्हणणार, टाकळीकरांची मुलगी नापसंत केली.

तेव्हा दार उघडलं आणि हातात ताट घेऊन मनकर्णा सरळ अंगणात आली. पाट नाही, मान खाली नाही. आबासाहेबांच्या पायाजवळ उभी राहिली. "मामा, पोहं गार झालं. गाडी बघून झाली आसंल तर मला बघा, न्हाईतर मी शेळ्या सोडाया जाते."

आबासाहेबांनी गडबडीनं उठताना डोकं आपटून घेतलं. कानिफ उभा राहिला. मुलीकडं बघितलं, ताटाकडं बघितलं आणि म्हणाला, "बॉनेटवर ठिवा. इंजान गरम हाय. पोहं पुन्ना गरम व्हतील."

मी कपाळाला हात लावला. पण मनकर्णा हसली. पदराआड नाही, चांगली मोकळी हसली आणि खरंच ताट बॉनेटवर ठेवलं. "हात धुवून घ्या आधी," म्हणाली. कानिफ तिच्याकडं असा बघायला लागला की सूर्यभान असता तर त्यानं वर्षभर छळलं असतं.

आसाराम पायरीवरून खाली आले. "बघनं झालं. आता बोला. गाडी इकताय का?"

कानिफनं गाडीकडं बघितलं नाही. फडक्यानं एकेक बोट पुसत राहिला. मग हळूच म्हणाला, "इकतो."

आबासाहेबांनी मान दुसरीकडं फिरवली. आणि आसाराम "मग झालं तर" असं म्हणणार, तोच दारातून भागूबाई, मुलीची आई, बोलली. इतका वेळ ती माउली उंबऱ्याच्या आतच होती.

"एक इचारायचं हाय पावन्यांना. सकाळी मनकर्णेला घेऊन खर्ड्यावरनं निघाला, तर दिस मावळायच्या आत इकडं पोचाल का?"

"दुपारीच पोचू, मामी. पर मधी येकदा बंद पडंल."

"मग?"

"मग सुरू करीन."

"नदीला पानी आसलं तर?"

"गुडघ्याएवढं आसंल तर येईन. जास्त आसंल तर पल्याड थांबून हाक मारीन."

मनकर्णा मध्येच म्हणाली, "उघडी हाय. उनाचं काय?"

"ताडपत्री टाकतो."

भागूबाई भावाकडं वळली. "आबा, तुझ्या संघाच्या गाडीतनं ह्यो माझ्या लेकीला म्हायेरी आनू शकंल का?"

आबासाहेब मिशीतल्या मिशीत म्हणाले, "न्हाई अक्का. ती सायबाची गाडी. सायबाच्या बायकूला म्हायेरी न्हेती, आपल्या लेकीला न्हाई."

"मग ऐका," भागूबाई नवऱ्याला म्हणाली. "थोरल्या रंगूला तुमी चांगलं बागाईत बघून संगमनेराकडं दिली. सुखात हाय, म्या न्हाई म्हनत न्हाई. पर दोन दिवाळ्या झाल्या, लेकीचं त्वांड न्हाई दिसलं. तीन एसट्या बदलून कोन येतंय? आता दुसरीला न्यायला-आनायला देवानं दारात गाडी धाडलीया, आन् तुमी ती इकायला सांगताय? जुनी आसंल, मोडकी आसंल. पर ती त्याची हाय, कुना सायबाची न्हाई."

आसाराम गाडीभोवती एक चक्कर मारून आले. टायरला पायानं दाबून बघितलं, बैलाच्या पाठीवर मारावी तशी बॉनेटावर थाप मारली आणि हात भाजला म्हणून झटकला. मग बॉनेटवरच्या ताटातले पोहे कानिफपुढं केले. "घ्या. गरम झाल्यात."

त्या उन्हाळ्यात लग्न झालं. नागपंचमीला आसारामांनी रीतीप्रमाणं लेकीला आणायला मुराळी म्हणून पुतण्याला बैलगाडी जुंपायला सांगितली, तर तो चाकाला वंगण घालतोय तोवर लेक-जावई ताडपत्रीसकट दारात. पुढं तर दर महिन्या-दोन महिन्यांनी. आसाराम कुरकुरायचे, "म्हायेर हाय का एसटी स्टँड? जावई आला की पुरन घालायचं, घरातला गूळ टिकंना." भागूबाई ऐकून न ऐकल्यासारखं करायची आणि पुरण घालायची.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात मी सहज त्यांच्याबरोबर टाकळीला गेलो होतो. रात्री जेवणं झाल्यावर आसाराम कानिफजवळ येऊन बसले. सुपारी कातरत इकडचं तिकडचं बोलले. मग, भागूबाई आत भांडी घासतेय याची खात्री करून, आवाज उतरवून म्हणाले,

"जावईबापू, ही संगमनेरापत्तुर जाईल का?"

कानिफ विचार करायला लागला. वाटेत घाट कुठं, पाणी कुठं, पेट्रोलचा पंप कुठं, हे तो बोटांवर मोजत होता. पण म्हातारा उत्तराला थांबला नाही. उठून आतल्या दाराशी गेला आणि म्हणाला, "आगं, पहाटं चार भाकरी जादा टाक. रंगूला आनायला जायचंय."