दुरडीतली नितकोर

त्या दिवशी दुपारी मी आणि बायको एका दुरडीतलं जेवलो. तिनं दोन दिवसांमागं थापलेल्या ज्वारीच्या भाकरी आणि लसणाची चटणी. तिच्या वाटच्या भाकरीतला चतकोर उरला होता. तिनं तो मोडला, निम्मा खाल्ला, निम्मा परत ठेवून वर फडकं टाकलं. आमच्या घरची रीत तशी. दुरडी रिकामी करायची नाही. शेवटच्या भाकरीला जो हात घालील त्यानं असेल त्याच्या निम्मं घ्यायचं, निम्मं ठेवायचं. चतकोराची नितकोर झाली.

"अजून दोन घास खा की."

"खाल्लं की आवो."

एवढंच बोललो. सांजच्याला ती गेली.

आदल्या दिवशी तिचा भाऊ तिला बघायला आलता. निजामाच्या राजात हैदराबादला जाऊन उर्दूत गणित शिकलेला, धारूरला मास्तर. मी दोन वर्षं शाळेत बसलो, पावकी-निमकी घोकली आणि औत धरलं. शिकलेली माणसं मला कधी आवडली नाहीत. पाऊस कधी येईल ते त्यांना सांगता येत नाही, बैल धरता येत नाही, आणि बोलायला लागली की थांबत नाहीत. हा तर आजारी बहिणीच्या उशाला बसून भुईवर कोळशानं रेघा ओढायला लागला.

"दाजी, तुमची दुरडीची रीत बघा. अर्धी, चतकोर, नितकोर, तिच्या निम्मी. जन्मभर मोडत बसलात तरी सगळं मिळून एक भाकरी. वर कण न्हाई."

"हे शिकायला हैदराबादला गेलतास?"

"आता दुसरी चाल. अर्धी, मग भाकरीचा तिसरा हिस्सा, मग चौथा, पाचवा, सहावा. तुकडे इथंबी लहानच होत जातात. सगळे मिळून किती भाकरी?"

"दोन. लई तर अडीच."

"मोजत राहिलात तर शिवार भरेल."

मी हसलो. मुंगीला दिसणार नाही असला तुकडा, आणि म्हणे त्यानं शिवार भरणार. असल्या माणसाच्या हाताखाली गावची पोरं शिकतात.

ती भिंतीला टेकून ऐकत होती. तीच म्हणाली, "बरोबर हाय त्याचं. तिसरा आन् चौथा मिळून अर्धीच्या वर जातात. पुढचे चार मिळून परत अर्धीच्या वर. त्याच्या पुढचे आठ, परत. अर्धी मिळतच राहती की." शाळेचं तोंड न बघितलेली बाई, पण जन्मभर वाटे करून वाढलेलं.

"तुकडा लहान होतो, एवढ्यावर जायचं न्हाई," तो म्हणाला. "कोणत्या चालीनं लहान होतो ते बघायचं."

मग मला अंगणात नेऊन हळू आवाजात विचारलं, "आक्का किती खाती?"

"रोज खाती. एक दिवस उपाशी न्हाई."

"किती पण?"

"काल अर्धी. आज चतकोर."

"ही पहिली चाल हाय, दाजी. अशी वर्षभर रोज खाल्ली तरी सगळं मिळून एक भाकरी. एका भाकरीवर माणूस जगत न्हाई. उद्या गाडी जुंपू, बीडच्या दवाखान्यात नेऊ."

"पोटात रोज काहीतरी जातंय तवर काळजी न्हाई. बहिणीला बघायला आलास, का तिची भाकरी मोजायला आलास बे?"

तो त्याच पावली चालत धारूरला गेला.

रोज काहीतरी जातंय म्हणजे पुरंल, हा माझा हिशेब. बैलानं वैरण निम्मी टाकली तर मी दुसऱ्या दिवशी गावभर औषध विचारत फिरलो असतो. बायकोनं टाकली तर मला रीत आठवली.

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा भाऊ दारात येऊन उभा राहिला. भाकरीचा हिशेब काढला असता तर बरं झालं असतं, मला शिव्या तरी देता आल्या असत्या. चूल थंड होती. बायका रडत होत्या; त्यातल्या कितीकजणी आजारपणात एकदाही फिरकल्या नव्हत्या. मी दुरडीवरचं फडकं काढलं. नितकोर वाळून कडक झालती. ती मधोमध मोडली. एक तुकडा त्याच्या हातावर ठेवला, एक मी तोंडात घातला. मग दुरडी पालथी घातली.