वैद्य ठणठणीत आहे

कॉम्प्युटरवरच्या त्या खेळात माझं स्वतःचं कोणी नव्हतं. सहा जणांची टोळी, सहाही आमच्या ऑफिसातले पुरुष, आणि मी नुसती बटणं दाबणारी. इंग्रजी टायपिंग पास झालेली बाई मी एकटीच, म्हणून हा मान माझ्याकडे आला. पहिल्या दिवशी हेडक्लार्क भाऊंनी स्वतः हात घालून पाहिला होता. तेलात भजं सोडावं तसं घाबरत घाबरत एका बोटानं बटण दाबत होते. पळायचं तिथं त्यांनी लढायचं दाबलं आणि पहिल्याच वळणावर सगळी टोळी खलास! तेव्हापासून ते माझ्या खुर्चीमागं उभे राहून नुसते ओरडत. "दाबा ना वो बाई, काऊन थांबून राह्यल्या?"

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. चांद्याला, जंगलाचं काम पाहणाऱ्या आमच्या ऑफिसात, कॉम्प्युटर आला. त्याला स्वतंत्र खोली, खोलीला जाड पडदे, आणि अख्ख्या इमारतीतला एकुलता एक एसी. साहेबाच्या डोक्यावर खडखडणारा पंखा, आणि मशीनला एसी! चपला बाहेर काढून आत जायचं. मे महिन्यातलं चांद्याचं ऊन ज्यानं खाल्लंय त्याला विचारा, पाचनंतर त्या खोलीत बसायला मिळावं म्हणून माणूस काय काय शिकायला तयार होतो ते. मशीन बसवायला नागपूरहून आलेला माणूस एक फ्लॉपी मागं ठेवून गेला होता, तिच्यात हा खेळ होता.

काळा पडदा, त्यावर रेघांनी काढलेलं भुयार, आणि खाली सहा ओळी. एक ओळ म्हणजे एक माणूस. तिघं पुढं तलवारी घेऊन, तिघं मागं. मागच्यांत एक कुलपं उघडणारा, एक जादू करणारा, एक बरं करणारा. भुयाराच्या तळाशी कोणी राक्षस बसलाय, त्याच्यापर्यंत पोचायचं. आज सांगितलं की माझी सून हसते. हसू दे. पण नोकरीभर त्याच्याइतकं जीव लावून मी दुसरं काही केलं नाही, हे खरं आहे.

काय होतं त्यात? एक तर एकटा कोणीच कामाचा नव्हता. तलवारवाल्याला कुलूप उघडेना, जादूवाला एका फटक्यात आडवा होई. सगळे एकमेकांच्या जिवावर. ऑफिसात एकमेकांच्या फायली दाबून ठेवणारी हीच माणसं तिथं म्हणत, "आधी त्याले दवा दे, माहं राहू दे!" सुरुवातीला अंगावर धड कपडे नव्हते त्यांच्या, उंदरानं चावलं तरी मरत. रोज थोडं थोडं करत ती इतकी तयार झाली की जुन्या वळणावरचा तो उंदीर दिसला की आमचा ड्राफ्ट्समन त्याला नमस्कार करायचा. भुयाराचा नकाशा हाच ड्राफ्ट्समन आलेखाच्या कागदावर काढी, आणि कोणी त्यावर चहाचा कप ठेवला तर खवळून उठे.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट अशी की तिथं मेलेल्याला टाकून द्यायचं नव्हतं. त्याला उचलून, वाट काढत, वर गावात आणायचं. गावात एक देऊळ. तिथं सोनं वाहिलं की पुजारी मंत्र म्हणे, आणि मेलेला उठे. दर वेळी उठेच असं नाही, कधी राखही होई. पण उठण्याची सोय होती. गावात एक धर्मशाळाही होती, तिथं निजलं की जखमा भरत. अजून काय पाहिजे माणसाला?

बरं करणारे होते आमचे सर्व्हेअर. हाडकुळे, हळू बोलणारे. जंगलात मोजणीला जाताना हिवतापाच्या गोळ्या नेत आणि सगळ्या मजुरांना वाटून येत. "मले मारामारी जमत नाई बावा," म्हणून त्यांनी ती ओळ घेतली, आणि मग अख्खं ऑफिस त्यांना वैद्यच म्हणायला लागलं. मीही वैद्यभाऊ म्हणे.

पावसाळ्याच्या तोंडावर वैद्यभाऊंची बदली झाली. सिरोंचा! जंगलाच्या पार टोकाला, नदीपल्याड आंध्र. शाल-नारळ झाला, समोसे झाले. पोरांची शाळा म्हणून बायको चांद्यालाच राहणार होती. सगळ्यांचे चेहरे पडलेले. त्या चेहऱ्यांतलं निम्मं दुःख भुयारातलं होतं, खोटं काऊन सांगू? आम्ही खूप खोल पोचलो होतो, आणि वैद्य नसला की सगळे मेलेच. वैद्यभाऊंनाच ते कळलं. म्हणाले, "मी चाललो, पन मले इथंच ठेवजा. वायरलेसवर सांगत जाईन."

आणि खरंच सांगत गेले. रोज सकाळी सिरोंच्याहून वायरलेसवर पाऊस किती, रस्ता चालू की बंद, हे यायचं. ते संपलं की आमचा ऑपरेटर, खेळात तो कुलपं उघडायचा, आवाज बारीक करून विचारी, "वैद्य, आज काय करू? ओव्हर." तिकडून खरखर येई, आणि मग, "आधी समोरच्याले बरं करजा. एक मंत्र वाचवून ठेवजा, वापस येतानी लागते. ओव्हर." संध्याकाळी मी अगदी तसंच करायची. ऑफिसात बदलीवर गेलेल्या माणसाची खुर्ची दुसऱ्याच दिवशी भरते. इथं मात्र त्यांची ओळ कोणी भरली नाही. मला फार बरं वाटायचं त्याचं.

शेवटी दोघं एकमेकांना विचारत. "मी कसा हाये तिकडं?" ते विचारत, म्हणजे त्यांची ओळ. "ठणठणीत," इकडून. "अन् तुमी?" "ठणठणीत. बागुन्नानु!" तिथं राहून ते तेलुगू शिकून राह्यले होते. बागुन्नानु म्हणजे मी मजेत आहे.

मग हेडक्लार्क भाऊंना घाई झाली. एका दारापाशी मी म्हटलं, आज थांबू. भाऊ म्हणाले, उघडा. सगळे म्हणाले, उघडा. माझं तिथं कोण ऐकणार? माझी तर ओळच नव्हती! मी दाबलं. आतून काय काय अंगावर आलं देव जाणे, पण वाचून झालं तेव्हा पाच ओळी जिवंत होत्या, आणि वैद्याच्या ओळीपुढं लिहून आलं होतं, डेड.

कोणीतरी म्हणालं, "सकायी काय सांगाचं?"

सकाळी त्यांनी विचारलंच, "मी कसा हाये?" ऑपरेटरनं आमच्याकडं पाहिलं. भाऊ म्हणाले, "ठणठणीत सांग. दूर हाये माणूस, एकटा हाये."

आमच्याकडं रीतच ती. लांबच्या माणसाला वाईट सांगायचं नाही. घरात कोणी गेलं तरी तार करतात, 'सिरियस, ताबडतोब निघा.' गेले असं लिहीत नाहीत. प्रवासात धीर राहावा म्हणून. तार घेणाऱ्यालाही ते ठाऊक असतं. तो सिरियस वाचतो आणि तिथंच मटकन खाली बसतो.

मग आम्ही ठरवलं, खोटं बोललो ना, आता ते खरं करायचं. त्यांना कळायच्या आत वैद्याला गावात न्यायचं. बरं करणारा नाही, पुढची तिघं अर्धमेली, आणि तळापासून वरपर्यंतची वाट. पावसानं वीज जायची. वीजघराची चिमणी चांद्याच्या उशाशी आणि चांद्यात अंधार, अशी आमची तऱ्हा. कोणी कोणावर ओरडत नव्हतं. ड्राफ्ट्समन नकाशावर बोट ठेवून हळूच सांगे, "बाई, डावीकडं. आता सरळ," आणि मी जीव मुठीत धरून दाबे.

तिकडं सिरोंच्याचा रस्ता बंद झाला. नाले भरले, नदी चढली. वैद्यभाऊंचा आवाज बारीक येत होता. एकदा ते बोलता बोलता थांबले, मला दात वाजल्यासारखं ऐकू आलं. "हे बरे नाहीत," मी म्हटलं. ऑपरेटर म्हणाला, "पावसात वायरलेस असंच करते बाई." विचारलं तर उत्तर ठरलेलं. ठणठणीत. बागुन्नानु. मग वैद्यभाऊच विचारत, "कुठवर आलो आपण?" आणि हा सांगे, "वर येऊन राह्यलो, वैद्य. थोडंच उरलं."

आणि आलो हो! गावात पोचलो, एकही ओळ न गमावता. टोळीजवळ होतं नव्हतं ते सगळं सोनं देवळात ओतलं. पडद्यावर पुजारी एकेक अक्षर पुटपुटायला लागला. राख झाली तर? भाऊंनी डोळे मिटून घेतले होते, हा तोच माणूस जो पेन्शनच्या कागदावर विधवांना सतरा हेलपाटे घालायला लावी. आणि डेड शब्द पुसला गेला. वैद्य उठला! "उठला बे, उठला!" म्हणत मोठमोठी माणसं वेड्या-बह्याडांसारखी नाचली. मी रडले. भाऊंनी पेढे आणले, मशीनपुढं एक ठेवला.

दुसऱ्या सकाळी आम्ही सगळेच वायरलेसच्या खोलीत घुसलो. आज खरं सांगायचं होतं. तिकडून पाऊस आला, रस्ता बंद आला, पण आवाज दुसराच.

"वैद्य कुठी हाये?" आमच्या ऑपरेटरनं विचारलं.

खरखर. मग तिकडचा माणूस म्हणाला, "साहेब सिरियस हायेत. ओव्हर."

भाऊंनी चष्मा काढला. विचारायला उरलं काय होतं? सिरियसचा अर्थ खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होता.

नंतर समजलं ते असं. ताप बरेच दिवस होता, डोक्यात गेला. त्यांना खाटेवर घालून लोकांनी नदीवर नेलं होतं, पल्याडच्या दवाखान्यात न्यायला. नदीनं नाव सोडू दिली नाही. खाट काठावर, सहा-सात माणसं खाटेभोवती, आणि समोर नुसतं पाणी. वायरलेसवर सांगू का म्हणून तिकडच्या त्या माणसानं विचारलं होतं, तर म्हणाले, "नोको सांगू. तिकडं सारे खुशीत हायेत." सांगून आम्ही तरी काय करणार होतो? मध्ये तेच पाणी होतं. तरी आजही वाटतं, निदान कोणी एकानं खरं बोलायला पाहिजे होतं.

त्यांचे दिवस झाल्यावर त्यांची बायको ऑफिसात आली. भाऊ उठून उभे राहिले, स्वतःची खुर्ची पुढं केली. ती माझ्याकडं वळली. "ते सांगत होते, मले तिथं ऑफिसात ठेवून आलो म्हणून. दाखवता का जी?"

दारात तिनं देवळाबाहेर काढाव्यात तशा चपला काढल्या. मी खेळ लावला. सहा ओळी आल्या. तिला वाचता येत नव्हतं. मी त्यांच्या ओळीवर बोट ठेवलं.

"हे काय लिवलं?"

"ठीक आहे, असं."

ती पडद्याशी वाकली. "चालतात?"

मी बटण दाबलं. भिंती पुढं सरकल्या.

"मंग घरी आणजा त्यायले," ती म्हणाली.

माझ्या खुर्चीमागं कोणी नव्हतं. डावीकडं, उजवीकडं सांगायला कोणी आलं नाही. इतके महिने मी दुसऱ्यांच्या सांगण्यावर दाबत आले होते, आणि आता त्या अख्ख्या गावात घर म्हणून एकही दार नव्हतं. देऊळ होतं, दुकान होतं, गुत्ता होता. मी त्यांना धर्मशाळेत नेलं.

"काय करून राह्यले?"

"निजले," मी म्हटलं.

तिनं पदर तोंडाला लावला. मग माझं मनगट धरलं, हलकेच, आणि बटणांवरून माझा हात बाजूला केला.

"निजू द्या मंग. थकले असन."