अंकल लेस्लींचं राहिलेलं गाणं

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे, असं विचारलं तर मी अंकल लेस्लींचं नाव घेतो. आईवडील रागावत नाहीत. त्यांनाही ते ठाऊक आहे. दीड महिन्यापूर्वी सकाळी इथल्या मेट्रोच्या पासिर रिस स्टेशनवर उभा असताना त्यांच्या पत्नीचा, डोरिस आंटींचा मेसेज आला : लेस्ली गेला, झोपेतच गेला. माझी गाडी आली, दारं उघडली, मिटली... मी बाकावर बसून राहिलो.

इथल्या जुन्या माणसांना ते रॉक अँड रोलचे गायक म्हणून माहीत होते. साठच्या दशकात विशीतले लेस्ली रविवारी दुपारच्या टी-डान्सला, म्हणजे चहासोबतच्या नाचाच्या कार्यक्रमाला, गात. टोकदार बूट, तेल लावून वर वळवलेले केस, आणि पुढच्या रांगेत किंचाळणाऱ्या मुली. (“त्यातली मी नव्हते,” आंटी दर वेळी आवर्जून सांगत.) नवं परदेशी गाणं रेडिओवर संध्याकाळी एकदाच लागायचं, म्हणून बँडचे चौघे वही घेऊन बसत आणि एकेक ओळ वाटून घेत. पहिली एकाने टिपायची, दुसरी दुसऱ्याने; गाणं संपलं की चारही वह्या जोडायच्या. लेस्लींची स्वतःची अशी एकच रेकॉर्ड निघाली, पण घराजवळच्या, क्लेमेंटीच्या हॉकर सेंटरमधले, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या बाजारातले, कॉफीवाले त्यांना पाहिलं की अजूनही चमच्याने काउंटरवर तिचा ठेका धरत. पुढे ती नाचगाण्यांची ठिकाणं बंद पडली. लेस्लींनी तीस वर्षं गोदीत स्टोअरकीपरची नोकरी केली आणि निवृत्तीनंतर घरातली एक खोली विद्यार्थ्यांना द्यायला काढली. तिथे मी इथल्या विद्यापीठात शिकायला म्हणून आलो.

मी औशाचा. दहावीपर्यंत मराठी शाळा, वडील एसटीच्या वर्कशॉपमध्ये, घराण्यातला पहिला पदवीधर. इंग्रजी वाचता यायचं, बोलायला तोंड उघडलं की शब्द अर्ध्यात विरत. विद्यापीठात पहिलं सेमिनार होतं, पंपांच्या कंपनांवर. मी ते सगळं पाठ करत खोलीत फेऱ्या मारत होतो. तिसऱ्या दिवशी लेस्ली दारात येऊन उभे राहिले. “सॅन्टो, प्रत्येक ओळीचं शेपूट गिळतोस तू. लोक शेपटासाठीच थांबलेले असतात, लाह.” (‘लाह’ म्हणजे इथलं ‘रे’.) संतोषचा सॅन्टो त्यांनी पहिल्याच दिवशी केला होता.

त्यांनी मला फ्लॅटबाहेरच्या लांब कॉरिडॉरच्या एका टोकाला उभं केलं आणि स्वतः दुसऱ्या टोकाला, लिफ्टपाशी स्टूल टाकून बसले. वाक्याचा शेवटचा शब्द त्यांना ऐकू आला की हात वर, नाही आला तर पुन्हा. मधल्या घरातल्या बाई कपडे वाळत घालता घालता म्हणाल्या, “आता तुझी परीक्षा मीसुद्धा देऊ शकते!” आठ दिवस हे चाललं. सेमिनारमध्ये माझा आवाज शेवटच्या भिंतीपर्यंत गेला. पुढची नोकरी, बढती, आज तीस माणसांसमोर उभं राहणं... सगळं त्या कॉरिडॉरमधून आलं आहे.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या घशात गाठ निघाली. स्वरयंत्र काढावं लागणार होतं. ऑपरेशनची तारीख ठरली, गुरुवारची. ते एवढंच म्हणाले, “त्याआधी एकदा लोकांसमोर गाईन म्हणतो. माझं ते एक गाणं. एकदाच.” मी लगेच इथल्या आमच्या मराठी मंडळींना गाठलं. त्या गुरुवारच्या आधीच्या रविवारी स्नेहसंमेलन होतं. त्यात अंकल लेस्लींचा सत्कार आणि मग गाणं असं ठरलं. ते तीन आठवडे तयारी करत होते. डॉक्टरांनी फार बोलू नका सांगितलं होतं, म्हणून दिवसभर गप्प राहून रोज एकदाच, हलक्या आवाजात.

सत्कार आपल्या पद्धतीने झाला. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, अध्यक्षांचे दोन शब्द. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ. परिचय करून द्यायला मी उभा राहिलो. पाच मिनिटं दिली होती. कागद न घेता एवढ्या लोकांसमोर बोलायची ही पहिलीच वेळ. औसा, कॉरिडॉर, पंप सगळं आलं. लोक हसले, लोकांनी डोळे पुसले, आणि मी बोलतच राहिलो... किती वेळ ते, हॉल सांभाळणारे गृहस्थ दिव्यांची उघडझाप करू लागले तेव्हा कळलं. “टाइम अप ऑलरेडी. नेक्स्ट बुकिंग बाहेर थांबलंय.” अध्यक्षांनी विनंती केली, उपयोग झाला नाही. लेस्ली खांद्यावर शाल, मांडीवर नारळ आणि गुडघ्यांमध्ये गिटार धरून बसले होते. ते उठले, माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, “एकही शेपूट गिळलं नाहीस आज.” टोमणा नव्हता तो, म्हणूनच सहन होईना. डोरिस आंटींनी नारळ पिशवीत टाकला. लिफ्टमध्ये माझ्या नऊ वर्षांच्या मुलीने, इराने, सगळ्यांसमोर इथल्या इंग्रजीत विचारलं, “बाबा, अंकल नेव्हर सिंग, आह?” म्हणजे, अंकल गायलेच नाहीत का?

मला तोंड दाखवायची हिंमत नव्हती. सोमवारी सकाळी लवकर जाऊन खालच्या खाली चौकशी केली, जेवणाच्या सुट्टीत पत्र लिहिलं आणि संध्याकाळी त्यांच्या बिल्डिंगखालच्या पत्रपेटीत टाकलं. बुधवारी त्यांनी तिथेच, तळमजल्याच्या मोकळ्या जागेत, पूर्ण गाणं म्हटलं. वरच्या पट्टीत आवाज फाटला, तिथे थांबले, हसले, ती ओळ पुन्हा घेतली. गुरुवारनंतर दोन वर्षं ते छोट्या फळ्यावर लिहून आमच्याशी बोलले.

मागच्या आठवड्यात भेटायला गेलो तर आंटींनी गिटारची पेटी उघडली. आत अस्तराच्या खिशात माझं पत्र होतं. इंग्रजीतलं ते इथे मराठीत देतो.

“प्रिय अंकल लेस्ली,

काल मी तुमचा वेळ खाल्ला. तुमचं कौतुक करण्यात खाल्ला, म्हणून तो अपराध कमी होत नाही. तुम्हाला काय हवंय हे मला माहीत होतं आणि तरी मला माझाच आवाज आवडत राहिला.

गुरुवारच्या आधी बुधवार आहे. संध्याकाळी पाच वाजता तुमच्या बिल्डिंगखाली मी खुर्च्या मांडतो. तिथे कुणाचं बुकिंग नाही. मी विचारून आलोय. कॉफीवाले अंकल दुकान पुतण्यावर सोपवून येतो म्हणालेत. तुमच्या मजल्यावरच्या बाई सगळ्यांना सांगत सुटल्या आहेत. शाल नाही, नारळ नाही. तुम्ही नाही म्हणालात तर मी खुर्च्या उचलून ठेवीन, काही विचारणार नाही.

आलात, तर गिटार घेऊन सरळ सुरू करा. मी तुमची ओळख करून देणार नाही.

तुमचा,
सॅन्टो”