युसूफभाईंचा शेवटचा फर्मा

नारायण पेठेतल्या आमच्या वाचनालयामागच्या बोळात युसूफभाई कागदी यांचं बाइंडिंगचं दुकान आहे. आठ बाय दहाची खोली, एक लोखंडी शिकंजा, खळीचं पातेलं आणि भिंतीला टेकवलेले पुठ्ठे. पाटी नाही. "पाटी कशाला? ज्यांची पुस्तकं फाटतात त्यांना पत्ता माहीत असतो," असं ते म्हणत. मी त्यांना १९७१ सालापासून ओळखतो. पुढच्या मार्चमध्ये मी कंपनीच्या खरेदी खात्यातून निवृत्त होईन. इतकी वर्षं शनिवारचा अर्धा दिवस संपला की कर्वेनगरला घरी जाण्याआधी मी त्या बोळात जात असे. आता जात नाही. असं का झालं ते क्रमाने लिहून ठेवावं, म्हणून हे लिहायला घेतलं.

युसूफभाई मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेले. शिवायला आलेलं प्रत्येक पुस्तक ते आधी वाचत आणि मग उसवत. पण त्यांचा खरा जीव होता जुन्या काळातल्या खुनांच्या कादंबऱ्यांवर. यादवांच्या, बहामनींच्या राज्यातला एखादा गड, एखादा मठ, तिथे पडलेलं प्रेत आणि ते कोडं उलगडणारा कोणी वैद्य किंवा मुनशी. मलाही त्याच आवडत, आणि आमची मैत्री तिथेच झाली.

"हल्लीच्या गोष्टीत काय असतं, सोवनी? प्रयोगशाळेतून रिपोर्ट येतो," ते दाभण ओढता ओढता म्हणत. "मग आपण काय करायचं, टाळ्या वाजवायच्या? त्या काळात बोटांचे ठसे नाहीत, फोन नाही. संध्याकाळी गडाचा दरवाजा बंद झाला की खुनीही आत आणि आपणही आत. डोळे उघडे ठेवायचे, बस."

माझं कारण वेगळं होतं. ऑफिसात कोणी काय केलं ते सगळ्यांना ठाऊक असे आणि कोणाचंच काही होत नसे. त्या गडांवर निदान शेवटी कोणाला तरी उत्तर द्यावं लागे. हे मी एकदा बोललो तेव्हा ते म्हणाले, "खुनी सापडला काय, नाही सापडला काय. ज्याच्यावर पहिल्या पानापासून सगळे संशय घेतात ना, तो शेवटी सुटतो. मी त्याच्यासाठी वाचतो." तेव्हा मी ते हसण्यावारी नेलं.

आमच्या वाचनालयाची एक पद्धत होती, ती दुसरीकडे कुठे असेल असं वाटत नाही. १९७४ साली कोणीतरी सभासद प्रत्येक खुनाच्या कादंबरीच्या पहिल्या पानावर पेन्सिलने खुन्याचं नाव लिहून ठेवायचा. शिवाय निम्मे सभासद कपाटापाशी उभ्या उभ्या शेवटचं पान वाचून पुस्तक परत ठेवायचे. वाचनालयाचे मालक श्यामसुंदर वैतागले. युसूफभाईंनी उपाय काढला. पुस्तक सोळा-सोळा पानांच्या जुड्यांचं शिवलेलं असतं, त्या जुडीला फर्मा म्हणतात. युसूफभाईंनी खुनाच्या त्रेचाळीस कादंबऱ्यांचे शेवटचे फर्मे उसवले, त्यांना वेगळी खाकी कव्हरं घातली आणि श्यामसुंदरांच्या टेबलाच्या खणात ठेवायला दिले. बाकीचं पुस्तक वाचून परत आणायचं, खुनी कोण ते श्यामसुंदरांना सांगायचं, मग फर्मा घ्यायचा आणि तिथेच बाकावर बसून वाचायचा.

"नाव आधी कशाला सांगायचं?" मी विचारलं होतं.

"नाहीतर वाचून झाल्यावर प्रत्येक जण म्हणेल, मला आधीच कळलं होतं. पुण्यात राहता ना तुम्ही?"

नाव चुकलं तरी फर्मा मिळे. फक्त सांगायचं एकदाच, बदलायचं नाही. माझी चारच नावं चुकली, आणि बाकावरून उठताना मी ते सगळ्यांना ऐकवत असे.

१९९६ साली वाचनालयाला पन्नास वर्षं झाली. श्यामसुंदरांनी दिवाळी अंक काढायचं ठरवलं. त्या उन्हाळ्यात युसूफभाईंनी पुठ्ठ्यांच्या मागून एक बाड काढून माझ्या पुढ्यात ठेवलं. एकसारखं, सरळ रेषेतलं अक्षर. त्यांनी स्वतः कादंबरी लिहिली होती.

कथा अशी होती. समद नावाचा एक कागद करणारा सतरा वर्षं एका गडाला कागद पुरवतो आहे. एका संध्याकाळी तो नवा कागद घेऊन येतो, कागदाचा गठ्ठा दफ्तरात उतरवून घेतला जातो. दरवाजे बंद होतात, म्हणून तो गडावरच राहतो. सकाळी किल्लेदार मेलेला सापडतो. शेजारी त्याच्याच नावाने लिहिलेलं, आठ दिवसांपूर्वीची तारीख असलेलं पत्र: समदचा कागद निकृष्ट आहे, त्याला गड बंद करावा. समद त्याच कारणाने चिडला असणार. दफ्तरदार सगळा प्रकार शांतपणे, मुद्देसूद मांडतो. समदला कोठडीत टाकतात. इथे बाड संपत होतं.

"हा आमच्या घराण्यातला," युसूफभाई म्हणाले. "म्हणजे गोष्ट मीच रचली. पण आजोबा सांगायचे, आपण कागद करणारे. आता ना लगद्याचा हौद राहिला, ना कागद. आडनाव राहिलंय. म्हटलं, त्या आडनावाच्या एका माणसाने कुठेतरी अब्रूने सुटावं. रझियाला सांगून ठेवलंय, दिवाळीत वाचशील तुझ्या पणज्याच्या पणज्याबद्दल." रझिया त्यांची नात, तेव्हा कॉलेजात होती.

"आणि शेवटचा फर्मा?"

"नियम म्हणजे नियम. आधी नाव."

मी बराच विचार केला. गोष्टीत निर्दोष वाटणाऱ्या माणसालाच लेखक शेवटी खुनी ठरवतो, हा डाव मी बऱ्याच कादंबऱ्यांत पाहिला होता. म्हणालो, "समद."

ते मोठ्याने हसले, खळीचा ब्रश पातेल्यात पडला. "छान! शेवटची पानं पक्की लिहून होऊ देत, मग देतो. तुमचा चेहरा मला बघायचाय."

बाड दिवाळी अंकासाठी छपाईला गेलं तेव्हाही शेवटची सोळा पानं त्यांनी दिली नाहीत. "वीस वर्षं श्यामसुंदर दुसऱ्यांकडून नाव घेतायत. एकदा त्यांनी स्वतः वाचावं, नाव सांगावं आणि पानं घेऊन जावीत," असा निरोप त्यांनी माझ्याबरोबर पाठवला. थट्टा होती ती. पण श्यामसुंदर कधीच काही वाचत नसत, हे बोळातल्या मांजरालाही ठाऊक होतं.

पंधरा दिवसांनी श्यामसुंदरांनी मला ऑफिसात फोन केला. "सोवनी, खुनी कोण?"

"मला वाटतं समद."

"वाटतं काय? कारणं आहेत का काही?"

"पाच आहेत."

"लिहून द्या."

मला वाटलं, हे नाव घेऊन ते युसूफभाईंकडे जातील, थोडं कॉपी केल्यासारखं होईल, पण पानं मिळतील. शिवाय माझी कारणं कोणीतरी मागितली याचा आनंद झाला होता. मी एका फुलस्केपवर पाच मुद्दे लिहिले आणि शनिवारी त्यांच्या हातात दिले.

दिवाळीच्या दोन दिवस आधी अंक आला. मी घरी आराम खुर्चीत बसून थेट युसूफभाईंची गोष्ट उघडली. शेवटी समदच खुनी निघाला. मी बायकोला हाक मारून सांगितलंही, "बघ, बरोबर आलं!" मग ते पान पुन्हा वाचलं. दफ्तरदार म्हणत होता, 'वेळ, साधन आणि राग, या तिन्ही गोष्टी एकाच इसमापाशी होत्या, आणि तो इसम बाहेरचा होता.' हे वाक्य माझं होतं. माझा चौथा मुद्दा. वरखाली पाहिलं तर पाचही मुद्दे तिथे होते, माझ्याच क्रमाने. दीड पानात समदला कबुली द्यायला लावून सुळावर चढवलं होतं. कथेच्या वर ठळक टाइपात नाव होतं: युसूफ कागदी.

मी तसाच वाचनालयात गेलो.

"छापखाना थांबला असता का?" श्यामसुंदर म्हणाले. "दोनदा गेलो त्यांच्या दुकानी. कुलूप. हे कात्रजला, नूरबानूकडे, म्हणजे बहिणीकडे, ताप आला म्हणून जाऊन पडलेले. मी काय करायचं?"

"मला विचारायचं!"

"तुम्हालाच तर विचारलं. त्रेचाळीसपैकी एकोणचाळीस नावं बरोबर सांगणारा माणूस म्हणून."

"मग पुढच्या अंकात खुलासा छापा."

"अहो, हा दिवाळी अंक आहे, दर महिन्याला निघत नाही. आणि खुलासा काय छापू, की मूळ खुनी दुसराच आहे, क्षमस्व? लोक हसतील. खरं सांगू, कोणाच्या लक्षातही यायचं नाही."

युसूफभाईंच्या लक्षात यायलाही उशीरच झाला होता. त्यांना पंचवीस प्रती मिळाल्या होत्या. त्यांनी त्या न उघडताच वाटल्या. स्वतःच लिहिलेली गोष्ट पुन्हा काय वाचायची? भावाकडे, कात्रजला बहिणीकडे, मशिदीच्या विश्वस्तांकडे, रझियाच्या प्राध्यापकांकडे. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेलो तेव्हा ते शिकंज्यापाशी नुसते बसले होते. हातात काम नाही, असं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"रझियाने सगळ्यात आधी वाचलं," ते म्हणाले. "मला विचारते, दादाजी, तुम्ही आपल्याच माणसाला खुनी का केलंत? मी म्हटलं, वेडी आहेस का? मग तिने पान दाखवलं." अंक बाजूला सारत म्हणाले, "श्यामसुंदर वाचत नाहीत. त्यांना हे सुचणार नाही. कोणीतरी लिहून दिलंय."

मला गप्प राहता आलं असतं. पण पंचवीस वर्षं त्या खोलीत बसून आम्ही दुसरं काय केलं होतं?

"मी दिलं," मी म्हणालो. "पण छापण्यासाठी नाही. तुम्हाला नाव सांगायला म्हणून त्यांनी मागितलं, असं मला वाटलं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चिडले असते तर बरं झालं असतं.

"तुम्ही तर वाचता," ते म्हणाले. "नाव चुकलं, त्याचं काही नाही. मी तसंच लिहिलं होतं, तुम्ही फसावं म्हणून. फसायचं, मग शेवटचा फर्मा वाचायचा, कपाळाला हात लावायचा आणि हसायचं. तुम्ही माझा सापळाच निकाल म्हणून देऊन टाकलात." मग अंक उघडून त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. "हे एक सांगा. बाहेरचा कसा?"

"गडावर राहत नव्हता ना तो. म्हणून—"

"सतरा वर्षं तो त्या गडाला कागद देत होता. दुसऱ्याच पानावर लिहिलंय. दफ्तरदार तर तीन वर्षांपूर्वी आलेला. तेही लिहिलंय. तो नाही वाटला तुम्हाला बाहेरचा?"

मी गोष्टीचं दुसरं पान काढलं. दोन्ही गोष्टी तिथे होत्या.

त्यांनी पुठ्ठ्यांमागून खाकी कव्हर घातलेली एक जुडी काढली. "घ्या. नाव सांगायची गरज नाही, तुमचं छापून झालंय."

मी उभ्यानेच वाचलं. समदला कबुलीसाठी बाहेर आणतात. तो फक्त एक मागणी करतो, ते पत्र एकदा हातात द्या. तो कागद चाचपतो, उजेडात धरतो. हा कागद त्याने काल संध्याकाळी आणलेल्या गठ्ठ्यातला आहे. जो कागद काल संध्याकाळपर्यंत गडावर नव्हता, त्यावर आठ दिवसांपूर्वी पत्र कसं लिहिलं गेलं? आणि तो गठ्ठा उघडला होता एकट्या दफ्तरदाराने, मुद्देसूद बोलणाऱ्या, नीटनेटक्या दफ्तरदाराने. शेवटच्या ओळीत सकाळी दरवाजा उघडतो आणि समद रिकामं गाढव घेऊन गड उतरतो.

"हे मी झेरॉक्स करून आणतो," मी म्हणालो. "माझ्या खर्चाने छापू, ज्यांना ज्यांना अंक गेलाय त्यांना—"

"नको." त्यांनी जुडी माझ्या हातातून काढून घेतली. "एक बाड बाहेर दिलं होतं, तेवढं पुरे झालं."

पुढच्या महिन्यात त्यांनी वाचनालयातून त्या त्रेचाळीस कादंबऱ्या आणि त्रेचाळीस फर्मे मागवून घेतले, प्रत्येक फर्मा ज्याच्या त्याच्या पुस्तकात परत शिवला, आणि मजुरी न घेता सगळं पाठवून दिलं. सोबत एक ओळ: यापुढे वाचनालयाचं काम होणार नाही. मी दोन शनिवार दुकानात गेलो. "या" म्हणाले, पण बसायचं स्टूल पुठ्ठ्यांखालून काढलं नाही. मी जाणं थांबवलं.

वाचनालयात आता कोणी नाव सांगत नाही. लोक पुन्हा कपाटापाशी शेवटचं पान वाचतात. तो दिवाळी अंक तिथेच, अंकांच्या फळीवर आहे. परवा मी तो काढला, युसूफभाईंची गोष्ट उघडली आणि पहिल्या पानावर वरच्या कोपऱ्यात पेन्सिलने लिहिलं: 'समद निर्दोष आहे. शेवट खोटा आहे.' खाली माझी सही केली.

काल पाहिलं, तर श्यामसुंदरांनी ते रबराने खोडलं होतं. आज मी पेन घेऊन गेलो.